काचेआडचा कोरकू

संग्रहालयातल्या प्राण्यांच्या दालनात अस्वल आणि रानगवा यांच्या मधोमध काचेआड एक माणसाचा पुतळा होता. पाटीवर लिहिलं होतं, 'कोरकू'. नवी संग्रहपाल फुलवंती कास्देकर स्वतः मेळघाटातली कोरकू आदिवासी. येताजाता ती त्या चेहऱ्यात आपल्या गावातलं कुणी सापडतंय का, ते बघायची. कुणी सापडत नव्हतं.

एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ पुतळ्यापुढे बराच वेळ थांबलेले दिसले.

"काय बघताय, काका?" तिने विचारलं.

"हा मी आहे," ते ओशाळून म्हणाले. "मी देशकर, पोस्टात होतो. शिल्पकार माझा मित्र. मेळघाट लांब पडतो म्हणून त्याने मलाच उभं केलं. मी ताठ राहिलो की म्हणायचा, वाक जरा, रानटी दिसत नाहीस."

फुलवंतीला राग यायला हवा होता, पण आलं हसू. तिने मोबाइलवर वडिलांचा फोटो दाखवला. पांढरा सदरा, ताठ मान. देशकरांनी तो डोळ्यांजवळ नेऊन निरखला.

"मग मी कोण ठरलो?"

"आम्ही कसे असू असं शहराला वाटायचं, ते तुम्ही. पुतळा आता शहराच्या इतिहासाच्या दालनात हलवतेय. पाटीवर तुमचं नाव लावू की नको?"

देशकरांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"नाव लाव," ते म्हणाले. "रविवारी नातवंडांना घेऊन येतो. त्यांना हे माझ्याच तोंडून कळू दे."