ठरावाच्या बाजूने

कीर्ती माइकसमोर येऊन उभी राहिली आणि तिसऱ्या रांगेत बसलेला तिचा बाप, विलास, खुर्चीच्या कडेला सरकला. भाषणाची त्याला काळजी नव्हती. ते त्यानेच लिहून दिलं होतं आणि नववीतल्या पोरीने घडाघडा पाठ केलं होतं. धास्ती होती ती भाषणानंतरच्या प्रश्नांची. ते काही कुणाला लिहून देता येत नाहीत.

सिल्वासातल्या मराठी मंडळाची वादविवाद स्पर्धा म्हणजे खरं तर पालकांचीच स्पर्धा. मुलं बोलतात, आईबाप लिहितात, हे परीक्षकांनाही ठाऊक असतं. यंदाचा ठराव होता, 'महामारीच्या काळात शासनाने आपले कर्तव्य चोख बजावले.' बाजूने कोणी बोलायचं आणि विरोधात कोणी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. कीर्तीच्या वाट्याला ठरावाची बाजू आली. दुसऱ्या लाटेत एक खाट मिळावी म्हणून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेताना जिची आई गाडीतच गेली, त्या कीर्तीच्या. दैवाला थट्टा करायची हुक्की आली की ते समोरच्याचं वय बघत नाही.

विलास मंडळाचे चिटणीस रमाकांत यांना जाऊन भेटला होता. "साहेब, तेवढी चिठ्ठी बदलून मिळेल का?"

"देतो की बदलून," रमाकांत म्हणाले. "पण मग पोरगी विरोधात बोलणार. आणि पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून तुमचेच साहेब बसणार. बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा."

विलास सरकारी कचेरीत कारकून. तो मुकाट्याने घरी परतला. वाटेत त्याला चक्क हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली. मग बसला आणि भाषण लिहून मोकळा झाला. मुद्दे शोधावे लागलेच नाहीत, कारण त्या दिवसांत कचेरीची पत्रकं त्यानेच टाइप केली होती.

कीर्ती छान बोलली. फुकट धान्य, घरोघरची तपासणी, रांधा गावच्या पाड्यांवर पायी जाऊन लस टोचणाऱ्या नर्सबाई. यातलं काही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पहिल्या रांगेत साहेब मान डोलवत होते.

मग प्रश्न विचारायला विरोधी बाजूचा चेतन उठला. कारखान्यातल्या इंजिनिअरचा हा मुलगा गेल्याच वर्षी नाशिकहून आलेला. त्याला कीर्तीच्या घरचं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

"ज्यांना खाटच मिळाली नाही," तो म्हणाला, "जे वाटेतच गेले, त्यांच्या घरच्यांना तुम्ही काय सांगाल? शासनाने कर्तव्य बजावलं म्हणून?"

ज्यांना माहीत होतं, त्यांनी विलासकडे बघायचं टाळलं. शेजारच्या शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. तडक वर जावं, पोरीचा हात धरावा आणि तिला घरी न्यावं, असं विलासला फार वाटलं. पण पाय काही उचलले नाहीत.

कीर्तीने माइक जरा खाली ओढला.

"माझी मम्मी वाटेतच गेली," ती म्हणाली. "म्हणजे घरचे ते आम्हीच. मी गाडीत होते, बाबा पण होते. माझे बाबा सरकारी ऑफिसात आहेत. तक्रार कुठे करायची, कशी लिहायची, सगळं त्यांना माहितीये. आमच्या डोकमर्डी भागात गटारीसाठी, लाइटसाठी, रेशनसाठी लोकांचे अर्ज तेच तर लिहून देतात. पण मम्मीसाठी त्यांनी एकही अर्ज केला नाही. कोणाची चूक असती, तर केला असता ना? माझे बाबा गप्प बसणारे नाहीत."

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. साहेबांनी मागे वळून गर्दीत विलासला शोधून काढलं आणि हसून मान हलवली. विलासचे हात आपसूक जोडले गेले. इतक्या वर्षांच्या नोकरीत हातांना तेवढं वळण लागलेलंच असतं. त्या क्षणी ते तोडून टाकावेत असं त्याला वाटलं.

पहिला नंबर अर्थातच कीर्तीचा आला. "अशा लेकीच्या वडिलांनाही वर बोलवा," असं म्हणून रमाकांतांनी विलासलाही मंचावर घेतलं. साहेबांनी ढाल कीर्तीच्या हातात दिली आणि मोकळा झालेला हात विलासच्या खांद्यावर टाकला.

"काका, जरा पास आवो ने," फोटोवाला म्हणाला. "बेबी, सामने देख."

कीर्तीने समोर बघितलं नाही. ती बापाकडे बघत होती.

"बाबा, मी बरोबर बोलले ना?"

विलासने तोंड उघडलं. खांद्यावरचा साहेबांचा हात त्याला जड झाला होता.

"अगदी बरोबर बोललीस, बाळा," साहेब कौतुकाने म्हणाले. "शंभर टक्के."

कीर्तीने मान वळवली नाही.

"सर," ती म्हणाली, "मी बाबांना विचारलं."