ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

वजनकाट्याच्या स्पीकरमधल्या बाईने वजन वाचून दाखवलं आणि व्हर्लनने स्टिअरिंगवर मूठ आपटली. पिकअपच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला भाराच्या मर्यादेचा आकडा त्याने बॉलपेनने स्वतःच्या हातावर लिहून घेतला होता. वजन त्याहून जास्तच होतं.

“तुझं ते शिवणाचं मशीन,” बायकोकडे न बघता तो म्हणाला. “उतरव ते.”

नॉरीन खाली उतरली. डोंगरांच्या अलीकडच्या लिमन गावातल्या ट्रक स्टॉपवर वारा असा सुटला होता की दार उघडायलाही जोर लावावा लागे. मशीन तिच्या आईचं, बिडाचं होतं. ते तिने कचऱ्याच्या मोठ्या पेटीजवळ नेऊन ठेवलं. तिथे तिच्या गोधड्या, लोखंडी तवे आणि तिने स्वतः भरलेल्या पीचच्या बरण्या आधीच येऊन बसल्या होत्या. एका ट्रकवाल्या बाईने विचारलं, “हे टाकताय? मी नेऊ?”

“न्या,” नॉरीन म्हणाली. “तेल घाला फक्त. अजून चालतं.”

हे सगळं सुरू झालं सकाळी. कॅन्ससच्या सरळसोट रस्त्यावर पिकअपचं मागचं टायर फुटलं आणि मागे जोडलेला घरवजा ट्रेलर असा हेलकावला की पिकअपही रस्त्याच्या कडेला ओढली गेली. टायर बदलायला आलेला माणूस पिकअपभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “साहेब, तुमचा ट्रक हे धूड ओढेल, पण पेलणार नाही. याचं नाक तुमच्या हौद्यात टेकलंय, तो भार मागच्या चाकांवर येतो. पुढे घाट उतरताना हे तुम्हाला ढकलत खाली नेईल. काट्यावर वजन करा आणि मगच डोंगर चढा.”

खरं तर ही गोष्ट नॉरीनने ट्रेलर घेतानाच, सलायनाच्या शोरूममध्ये विचारली होती. विक्रेता ट्रक किती ओढतो ते छाती फुगवून सांगत होता आणि व्हर्लन मान डोलवत होता. नॉरीनने पिकअपचं दार उघडून आतलं स्टिकर मोठ्याने वाचलं. माणसं आणि सामान मिळून एवढंच, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. “अरे, ट्रेलरचं नाक यातच धरायचं ना? मग आपल्याला काय उरतं?” तिने विचारलं.

“तू सोफ्याचा रंग निवड,” व्हर्लन म्हणाला, आणि विक्रेता हसला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाणपण व्हर्लन जगाला शिकवायचा, स्वतःला त्यातून सूट होती. ट्रेलर त्याने सगळ्यात लांब होता तोच घेतला. त्यासाठी घर गेलं. नॉरीनचा वाफा गेला आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बहीणही दुरावली. आता उरलेलं आयुष्य या चाकांवर काढायचं होतं, आणि ते कुणाच्या मर्जीने काढायचं हे लिमनच्या काट्यावर एकेक वस्तू उतरताना तिला नीट दिसत होतं.

ती परत येऊन शेजारी बसली. व्हर्लनने काट्याचं बटण पुन्हा दाबलं. आता सव्वाशे पौंडच जास्त भरत होते. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

“तुझा स्मोकर उतरव,” नॉरीन म्हणाली.

मागच्या सीटवर पट्टे आवळून बसवलेला तो काळा स्मोकर चढवायला दोन शेजारी लागले होते. “डोकं ठिकाणावर आहे का? ॲरिझोनात मांस कशावर भाजू, तुझ्या इस्त्रीवर?”

“इस्त्री मघाशीच उतरवलीस. मग हत्यारांची पेटी काढ.”

“ती लागते.”

“बंदुका?”

“नॉरीन, माझ्या वस्तू कामाच्या आहेत. तू सगळा संसार कोंबून आणलास म्हणून ही वेळ आलीय.” तो खाली उतरला आणि टायरला लाथ मारून हवा बघू लागला. “स्मोकर राहणार. दुसरं काय निघतंय ते बघ.”

राग नॉरीनला सकाळपासून येतच होता, पण आता तो थंड झाला होता, आणि थंड रागात माणसाला हिशेब चांगला जमतो. तिने कोट चढवला. पायाशी ठेवलेली जिरेनियमची कुंडी उचलली, पर्स खांद्याला अडकवली आणि उतरून काट्याबाहेर, आपल्या बरण्यांपाशी जाऊन उभी राहिली.

व्हर्लन परत येऊन स्टिअरिंगमागे बसला. तिच्या हातातली कुंडी त्याला दिसली. “एवढ्याशा कुंडीने काय होतंय? आणखी काय काढलंस?”

“वजन कर आधी,” ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं. स्पीकरमधल्या बाईने आकडा वाचला. व्हर्लनने हातावर लिहिलेलं पाहिलं, पुन्हा विचारून खात्री केली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.

“बघ! मी म्हणत नव्हतो? ट्रकला काही झालेलं नाही, तुझाच पसारा नडत होता.” त्याने हात लांबवून तिच्या बाजूचं दार आतून ढकललं. “चल, चढ लवकर. उजेड आहे तोवर घाट पार करू.”

“तू जा, व्हर्लन,” नॉरीन म्हणाली. “मी चढले की पुन्हा जास्त होईल.”