काम आहे का?

"आहे," लेंपी म्हणाली.

ओन्नी कांगास कॉफीचा कप घ्यायला हात पुढे करत होता. हात तिथेच थांबला. या बेकरीत 'काम आहे का?' या प्रश्नाला असं उत्तर कधी कुणी दिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागलं की गावातले लाकूड वाहणारे ट्रक उभे राहतात. वरची माती मोकळी होते, खालची गोठलेलीच असते, त्यामुळे पाण्याला मुरायला जागा मिळत नाही. रस्ता भिजलेल्या पावासारखा होतो आणि जड गाड्यांना बंदी येते. मग मालक ड्रायव्हरांना घरी बसवतो. रस्ते सुकेपर्यंत त्यांचं घर राज्याच्या बेकारी विम्यातून मिळणाऱ्या भत्त्यावर चालतं. अट एकच: दर आठवड्याला कुठेतरी काम मागायचं. गावात दुकानं मोजकीच. ड्रायव्हर सोमवारी फोन करून विचारत, "काम आहे का?" दुकानदार म्हणत, "नाही." लेंपी म्हणायची, "काम नाही, कॉफी आहे." यात खोटं काही आहे असं कुणालाच वाटत नसे. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

यंदा राज्याने नियम बदलले. फोनवरचं विचारणं आता धरत नव्हते, स्वतः जावं लागे. देऊ केलेलं काम नाकारलं तर भत्ता बंद. आणि कुणी नाकारलं तर ते कळवायचं दुकानदाराने. लपवलं तर दंड त्याला.

"आहे म्हणजे?" ओन्नीने विचारलं.

"म्हणजे आहे. पहाटे यायचं. पीठ मळायचं, ट्रे उचलायचे. आर्वीचा उजवा हात अजून उठत नाही." आर्वी तिचा नवरा. हिवाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावरून म्हातारा तौनो ओरडला, "घ्या! ओन्नी आता वेलदोड्याच्या पावाच्या वेण्या घालणार! अरे, याच्या हाताने ट्रकचे गिअर मोडतात, वेण्या कसल्या घालतोय!"

ओन्नी हसला. गरजेपेक्षा मोठ्याने हसला. लेंपीला जो पगार देता आला असता, त्यात घराचा हप्ता बसत नव्हता. भत्त्यात कसाबसा बसत होता.

"बरी चेष्टा करतेस, लेंपी."

लेंपी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. मग तीही हसली. "मग! तुम्हा लोकांना कधीतरी घाबरवायला नको?"

तिने कप भरला. कॉफीचं भांडं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. ओन्नी खिडकीबाहेर बघू लागला.

तो आठवडा वाईट गेला. पहाटे त्याला आपोआप जाग येई. त्याच्या स्वयंपाकघरातून बेकरीचा दिवा दिसे. तिने चेष्टा केली नव्हती, हे त्याला कळलं होतं. त्याला कळलं होतं, हे तिलाही कळलं असणार. "मग नुसता जाऊन मदत कर की," बायको म्हणाली. "फुकट केलं तरी ते कामच धरतात," तो म्हणाला. उत्तर बरोबर होतं. म्हणूनच ते देताना त्याला लाज वाटली.

पुढच्या सोमवारी बेकरीतली अर्धी फळी रिकामी होती. वेण्यांचे पाव नव्हतेच. तौनो कालच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत बसला होता. ओन्नीने टोपी काढली, पण तोंड उघडायच्या आधीच फोन वाजला. लेंपीला कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असे.

"बेकारी विमा कार्यालयातून बोलतेय. गेल्या सोमवारी ओन्नी कांगास तुमच्याकडे काम मागायला आले होते का?"

"आला होता."

"तुम्ही त्यांना काम देऊ केलंत का?"

तौनोचं चावणं थांबलं. लेंपीने ओन्नीकडे पाहिलं नाही. ती काउंटरवर सांडलेलं पीठ तळहाताने एका जागी गोळा करत होती.

"नाही."

"नक्की ना? तुमचं उत्तर शपथेवरचं धरलं जाईल, मॅडम."

"अहो, काम असेल तर देणार ना? मी आणि नवरा पुरेसे आहोत. आम्हाला माणसाची गरज नाही."

तिने फोन ठेवला. तौनो उठला, कोट चढवला. "मलाही हल्ली ऐकू येत नाही," असं कुणाकडेही न बघता म्हणाला आणि निघून गेला.

लेंपी भट्टीच्या दारापाशी गेली. तिथे पिठाचं पोतं होतं. त्याचा कोपरा धरून ती ते ओढू लागली. पोतं हातभर सरकलं आणि अडलं.

ओन्नीने कोट काढून खुर्चीवर टाकला. "हप्त्याचं मी बघतो काहीतरी," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना. "उद्यापासून येतो. उद्या कशाला, आत्ताच." त्याने वाकून पोतं खांद्यावर घेतलं.

"ठेव ते खाली."

"लेंपी, मला माहीत होतं तू चेष्टा..."

"खाली ठेव आधी. रस्त्यावरून दिसतं." तिने खिडकीकडे नजर टाकली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने पोतं खाली ठेवलं. लेंपीने पुन्हा त्याचा कोपरा धरला.

"रस्ते सुकेपर्यंत मला माणसाची गरज नाही, ओन्नी," ती म्हणाली. "शपथेवर सांगितलंय मी."