बर्फाची पेटी

भर एकच्या उन्हात राजरत्न स्लॅबवर कोसळला. माया धावली. ड्रमातलं पाणी बादलीत घेतलं, दिराच्या अंगावर ओतायला हात उचलला, आणि तिथेच थबकली.

"ताई, ओत ना! बघतेस काय?" त्याची बायको रचना किंचाळली.

"थांब गं. आधी दवाखान्यात ताप मोजू दे यांचा."

बाईला वेड लागलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण दहा दिवसांपूर्वी, मानपाड्याच्या याच बिल्डिंगच्या कामावर तिचा नवरा महेंद्र असाच पडला होता. मायाने त्याला भिजवलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं, रिक्षात सारखं पाणी शिंपडलं. दवाखाना आला तेव्हा जीवही गेलेला, तापही उतरलेला. डॉक्टर म्हणाले, "अंग गार आहे. उष्माघात कसा लिहू?" कागदावर आलं, हृदय बंद पडलं. मग कामगार ऑफिसात गेली. दुपारचं काम बंद ठेवायचं असतं ना साहेब, म्हणून रडली. साहेब म्हणाले, "उन्हाने गेला, असं लिहिलेला कागद आणा. लगेच चौकशी लावतो." काय आणणार, कपाळ? तो कागद तिनेच पाणी ओतून धुऊन टाकला होता.

"भावजींचा तरी ताप लिहिला जाऊ दे," माया म्हणाली. "नाहीतर उद्या याच उन्हात तू आहेस, मी आहे."

राजरत्नचे डोळे फिरले. रचनाने मायाचे पाय धरले. "मला कागद नको गं ताई! मला माझा माणूस पाहिजे!"

मायाने बादली त्याच्या अंगावर उपडी केली.

"अगं, पाण्याने काय होतंय? हे घ्या!" मुकादम काळुराम धापा टाकत वर आला. हातात थर्माकोलची पेटी, काठोकाठ बर्फ. महेंद्र गेल्यापासून ही पेटी तो रोज भरून ठेवायचा. पूर्वी गार पाण्याचा घोट न देणारा माणूस, आता सुधारला, म्हणून बायका त्याला दुवा देत होत्या. मायानेही दिली होती.

दोघी जावा मूठमूठ बर्फ राजरत्नच्या अंगाला चोळू लागल्या.

"रिक्षा बोलवा हो कुणीतरी!" माया ओरडली.

"बोलावतो ना," काळुराम सावलीला टेकत म्हणाला. "आधी ताप पुरता उतरू दे. घाई काय आहे?"

मायाने वर, त्याच्याकडे पाहिलं. हात मात्र बर्फ चोळतच राहिले.