मंजूचं हसू

चौदा वर्षांची मंजू आज पहिल्यांदाच शाळेत निघाली होती. वैजयंती तिची वेणी घालत होती.

"आई, दादाच्या मुंजीला मला मागच्या खोलीत का कोंडलंस?"

वैजयंतीचे हात थांबले. पेशींतल्या नको त्या प्रथिनांवर 'मोडीत काढा' अशी खूण करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, मंजूच्या मेंदूत जन्मापासून नव्हतं. त्याच्या जनुकाची आईकडून आलेली प्रत बिघडलेली होती, वडिलांकडची धड, पण झोपलेली. डॉक्टरांनी ती प्रत औषधानं जागी केली आणि नुसतीच हसणारी मंजू वर्षभरात बोलू लागली.

"तुला कळत होतं? तू तर हसत होतीस गं!"

"मला तेवढंच येत होतं."

"चुकलं माझं, बाळा."

वैजयंतीला पेड दिसेनात. बोटं कशीबशी चालत राहिली.

"सैल नको घालूस," मंजू म्हणाली. "शाळेत सुटेल."