जिवंत माणसाचं चित्र

तीस वर्षं हेमलतानं आपल्या दुकानात रंग फवारणाऱ्या एअरब्रशनं फक्त मेलेल्यांची चित्रं काढली होती. सुरकुत्या पुसायच्या, मागं फिकट निळं आभाळ, चेहऱ्याभोवती उजेड. शेवटी वीट येऊन तिनं दुकान बंद केलं. चार वर्षांनी, निव्वळ हौस म्हणून, तिनं वडिलांना समोर बसवून त्यांचं चित्र काढलं.

ते वाळत होतं, तेवढ्यात शेजारच्या अनसूयाबाई आल्या. दारातूनच चित्र पाहून त्यांनी हात जोडले. “काहीच कळवलं नाहीस! कधी गेले गं?”

“गेलो नाही अजून!” दाराआडच्या खुर्चीतून वडील ओरडले. “चहा व्हायचाय माझा.”

हेमलतानं चित्राकडं नीट पाहिलं. तेच आभाळ, तोच उजेड. सुरकुती एकही नव्हती. तिनं ते फाडायला उचललं.

“राहू दे. पुढं लागेलच,” वडील म्हणाले आणि काठीनं त्यांनी भिंतीवरची जागाही दाखवली, आईच्या फोटोशेजारची.