एकशे एकतीस गुणांचा नर

"दोन डुकरांतला एकच नर ठेवायचाय," साहेब म्हणाले, "आणि खाटकाचा ट्रक यायच्या आत ठरवायचंय. वर्षभर चाळीसच्या चाळीस माद्या त्याच एकाला द्यायच्यात. तुम्ही चुकलात, तर फार्मचं वर्ष गेलंच म्हणून समजा."

मोजणीबाईंनी नुसती मान डोलावली. हे नाव कामगारांनी ठेवलेलं, आणि बाईंना ते मनातून आवडायचंही. डुकराच्या रूपाला नि रुबाबाला त्यांच्या लेखी कवडीची किंमत नव्हती. बाई नराच्या पिल्लांचे आकडे घ्यायच्या. एका वेताला किती झाली, रोज वजन किती वाढलं, पाठीवर चरबी किती चढली, किलोभर वाढायला खाद्य किती लागलं. ज्याला जेवढं महत्त्व तेवढा भार देऊन बेरीज केली, की एकच आकडा हाती यायचा. शंभर म्हणजे बेताचा नर.

दोघांतल्या म्हाताऱ्या नराचा आकडा निघाला अठ्ठ्याऐंशी. धाकट्याचा एकशे एकतीस.

"पण म्हातारा कसा दांडगा दिसतो बघा," साहेब कुरकुरले.

"दिसण्यावरच जायचं, तर मला कशाला बोलावलंत?"

साहेब ऑफिसकडे गेले.

शेडमध्ये अण्णा म्हाताऱ्याची पाठ खाजवत उभे होते. डुकरांचं सगळं तेच बघायचे. कुठली मादी कुठल्या नराला दिली, ही वहीही त्यांच्याच हातची. बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"वाईट वाटतंय ना, अण्णा?"

"वाटणारच की. पाच वर्षं झाली याला." अण्णांनी पलीकडच्या कप्प्यातल्या धाकट्याकडे बघितलं. "आणि त्याला तर मी बाटलीनं दूध पाजून जगवलंय. जन्मतःच आई गेली त्याची."

"मग तो राहतोय, यातच समाधान माना. आणि श्रेय तुमच्या वहीला बरं का. इतकी नेटकी वही मी बघितली नाही."

अण्णा पुन्हा म्हाताऱ्याची पाठ खाजवू लागले.

ट्रक आला. म्हातारा कुरबुर न करता फळीवरून वर चढला आणि कत्तलखान्याच्या वाटेला लागला. बाईंनी अहवालावर झोकात सही केली. या फार्मवरचा पहिलाच निकाल, आणि तोही कुणाच्या बापाला खोडता येणार नाही असा. त्यांना अगदी हलकं वाटलं.

अर्ध्या तासानं साहेबांचा निरोप आला. तीन माद्या माजावर आल्यात, धाकट्याला लगेच सोडा.

अण्णा जागचे हलेनात. कप्प्याची कडी हातात धरून ते खाली बघत राहिले.

"काय झालं, अण्णा? सोडा ना त्याला."

"सोडून उपयोग नाही, बाई. त्याला ते जमतच नाही, कधीच जमलेलं नाही. कळलं असतं तर खाटकाकडे धाडला असता, म्हणून म्हाताऱ्याची चांगली चांगली वेतं मी याच्या नावावर लिहीत आलो."